लाकडावरील लेसर चित्रांकन

डायोड लेसरच्या सुमारे ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या किरणाने लाकडाचा पृष्ठभाग कमी-अधिक करपवून त्यावर छायाचित्रातील करड्या छटा उमटविण्याची पद्धत. छटा साधण्याचे दोन मार्ग आहेत : पहिल्यात बिंदूगणिक किरणाची शक्ती बदलली जाते, दुसऱ्यात शक्ती स्थिर ठेवून काळ्या बिंदूंची दाटी कमी-जास्त केली जाते आणि त्यासाठी फ्लॉइड–स्टाइनबर्ग (१९७६) यांसारख्या त्रुटिप्रसारण (एका बिंदूवरील छटेची चूक शेजारच्या बिंदूंत वाटून देण्याच्या) रीती वापरतात. लाकूड शक्तीच्या प्रमाणात काळवंडत नाही, ठरावीक मर्यादेनंतर ते एकदम करपते. त्यामुळे दुसरा मार्ग बहुधा अधिक भरवशाचा ठरतो. किरणबिंदू ०.१ मिमी. रुंद असल्यास किरण ज्या ओळींत फिरतो त्यांतील अंतरही तेवढेच, म्हणजे इंचाला २५४ ओळी, ठेवतात. ते याहून कमी केल्यास ओळी एकमेकींवर चढून बारकावे बुजतात. बासवुड, मेपल अशी फिकट, एकसारख्या पोताची लाकडे उत्तम. पाइनमध्ये वार्षिक वलयांचा मऊ भाग अधिक व कठीण भाग कमी जळत असल्याने चित्रावर पट्टे उमटतात. मूळ चित्र आधी उजळवून मध्यम छटा मोकळ्या करतात आणि त्याच फळीच्या तुकड्यावर वेग व शक्ती यांची चाचणी-चौकट कोरून योग्य जोडी निवडतात. धुराचा निचरा आणि या तरंगलांबीसाठीचा संरक्षक चष्मा आवश्यक असतो.