दुव्यांची टाकसाळ

१९५५ साली युजीन गारफील्ड यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक कल्पना मांडली: कोणत्या शोधनिबंधाचा आधार पुढे कोणी घेतला, याची पद्धतशीर सूची करावी. १९९८ मध्ये स्टॅनफर्डच्या सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी तेच तत्त्व महाजालाला लावले. पानाकडे येणारा प्रत्येक दुवा ही शिफारस. शिफारस करणारे पान जितके वजनदार, तितकी ती मोलाची. हेच ‘पेजरँक’.

परंतु शिफारशीला किंमत आली की तिची टाकसाळही निघते. ब्लॉगखालच्या प्रतिक्रियांत ‘फार छान लेख’ असे लिहून स्वतःच्या संकेतस्थळाचा दुवा सोडणारी स्वयंचलित साधने तयार झाली. लेख वाचण्याची त्यांना गरजच नव्हती. जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन यांनी ‘नोफॉलो’ ही खूण स्वीकारली. ती लावलेला दुवा क्रमवारीत मोजला जाईना. तरीही उपद्रव शमला नाही. एप्रिल २०१२ मध्ये गूगलच्या ‘पेंग्विन’ने बनावट दुव्यांवर उभी असलेली संकेतस्थळे खाली ढकलली.

आता हीच व्याधी मूळ घरी, संशोधनात परतली आहे. विषयाशी संबंध नसलेले संदर्भ जोडण्याची सूचना परीक्षकाकडून मलाही आली होती. मी ती नाकारली. भारताच्या ‘एनआयआरएफ’ क्रमवारीत २०२५ पासून मागे घेतलेल्या शोधनिबंधांसाठी गुण वजा होऊ लागले. ही आपली ‘नोफॉलो’ म्हणावी, पुरेशी नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, संदर्भयादीत नाव घालण्यापूर्वी एवढेच विचारा: हा निबंध मी वाचला आहे का?