हात वर करा! : विमानतळावरचे स्कॅनर आणि राज्यांची लढाई

कन्सल्टिंगच्या नोकरीमुळे माझी सोमवारची सकाळ वर्षानुवर्षं विमानतळावरच उजाडत आली आहे. पट्टा काढा, लॅपटॉप वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा, खोक्यात उभं राहून हात वर करा; २०२५ पर्यंत तर बूटही काढावे लागत. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही वावगं आहे असं कधी वाटलंच नाही.

२०११ च्या जूनमध्ये आई आमच्याकडे आली होती. तिला नायगारा दाखवायला निघालो. सहावारी साडी आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तिला बाजूला घेतलं गेलं आणि हातमोजे घातलेल्या एका बाईने तिच्या निऱ्यांपासून पाठीपर्यंत सगळं चाचपून पाहिलं. ती बाई सभ्यपणेच वागली, तक्रार करावी असं काही नव्हतं. पण आईने माझ्याकडे बघून विचारलं, "काय रे, माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, "नाही गं, इथे सगळ्यांनाच करतात." विमानात ती फारशी बोलली नाही.

त्याच दिवसांत टेक्सासच्या विधिमंडळात नेमका हाच प्रश्न गाजत होता. तेव्हापासून मी याविषयी जे वाचत आलो, ते आपल्या मंडळींसाठी इथे मांडतो.

११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर नोव्हेंबर २००१ मध्ये काँग्रेसने कायदा करून टीएसए स्थापन केली आणि प्रवाशांची तपासणी केंद्र सरकारच्या हाती गेली. पुढे २५ डिसेंबर २००९ रोजी ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला येणाऱ्या विमानात एका तरुणाने अंतर्वस्त्रात लपवलेली स्फोटकं पेटवण्याचा प्रयत्न केला. सहप्रवाशांनी त्याला पकडलं म्हणून अनर्थ टळला. धातुशोधक यंत्राला अशी स्फोटकं सापडत नाहीत. म्हणून तोवर मोजक्या ठिकाणी असलेले बॉडी स्कॅनर २०१० मध्ये धडाधड बसू लागले.

यंत्रं दोन प्रकारची होती. एकात सौम्य क्ष-किरण शरीरावर आदळून परत येत, दुसऱ्यात मिलिमीटर लहरी वापरत. दोन्हींत सुरुवातीला कपड्यांखालच्या शरीराचं चित्र तयार होई आणि वेगळ्या खोलीत बसलेला कर्मचारी ते पाही. चित्रं साठवली जात नाहीत, असं टीएसएचं म्हणणं होतं. पण ऑगस्ट २०१० मध्ये उघड झालं की ऑरलँडोच्या एका केंद्रीय न्यायालयातल्या अशाच यंत्रात सुमारे ३५,००० चित्रं साठली होती. ते विमानतळावरचं यंत्र नव्हतं, तरी लोकांचा विश्वास डळमळला. त्यातच त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेर, स्कॅनर नाकारणाऱ्याची हाताने अधिक कसून तपासणी सुरू झाली. म्हणजे एकीकडे आड, तर दुसरीकडे विहीर!

डिसेंबर २०१० मध्ये भारताच्या तत्कालीन राजदूत मीरा शंकर यांना मिसिसिपीतल्या जॅक्सन विमानतळावर बाजूला घेऊन अशीच तपासणी झाली. त्यांनी साडी नेसली होती. परराष्ट्रमंत्री एस. एम. कृष्णा यांनी जाहीर निषेध केला. राजदूतांची ही कथा, तर आपल्या आयांचं काय!

आता प्रश्न असा, की केंद्र सरकारच्या कारभाराला राज्य किंवा शहर कसं अडवणार? आपण भारतातून आलेली माणसं. मोठा प्रश्न म्हटला की आपली नजर थेट दिल्लीकडे, इथे आल्यावर वॉशिंग्टनकडे जाते. पण इथले बहुतेक मोठे विमानतळ शहरांच्या, काउंटींच्या किंवा स्थानिक प्राधिकरणांच्या मालकीचे असतात. शिवाय, कुणाच्या अंगाला गैर हात लावला तर तो गुन्हा ठरवणारा कायदा मुख्यतः राज्याचा असतो. विरोधकांनी हे दोन्ही धागे पकडले.

नोव्हेंबर २०१० मध्ये न्यूयॉर्क शहराच्या कौन्सिलचे डेमोक्रॅट सदस्य डेव्हिड ग्रीनफिल्ड यांनी शहरात हे स्कॅनर नकोत असं विधेयक आणलं. जेएफके आणि लाग्वार्डियाची जमीन शहराच्याच मालकीची आहे. त्याच महिन्यात न्यू जर्सीचे रिपब्लिकन सेनेटर मायकेल डोहर्टी यांनी काँग्रेसला ही तपासणी थांबवायला सांगणारा ठराव पुढे केला. न्यू हॅम्पशायरमध्ये २०११ साली अशा स्पर्शाला लैंगिक गुन्हा ठरवणारं विधेयक आलं. यांपैकी एकानेही स्कॅनर थांबले नाहीत.

सर्वांत पुढे गेलं ते टेक्सास. लाँगव्ह्यूचे आमदार डेव्हिड सिम्प्सन यांनी २०११ मध्ये दोन विधेयकं मांडली. एक विमानतळ चालवणाऱ्यांना स्कॅनर बसवायला मनाई करणारं. दुसरं, सबळ कारणाशिवाय प्रवाशाच्या खासगी अवयवांना हात लावणाऱ्या कर्मचाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद आणि ४,००० डॉलरपर्यंत दंड सांगणारं. हे दुसरं विधेयक मे महिन्यात प्रतिनिधीगृहाने एकमताने मंजूर केलं! मग २४ मे रोजी केंद्र सरकारचे वकील जॉन मर्फी यांचं पत्र आलं. मतितार्थ असा की हा कायदा झाला तर सरकार त्याला स्थगिती मागेल, आणि ती मिळेपर्यंत ज्या उड्डाणांच्या सुरक्षिततेची खात्री देता येत नाही ती रद्द करावी लागतील. पाठिंबा ओसरला आणि सेनेटमध्ये विधेयक मागे घेतलं गेलं. गव्हर्नर रिक पेरी यांनी जूनच्या विशेष अधिवेशनात विषय पुन्हा आणला. विधेयक सौम्य करण्यात आलं, तरी महिनाअखेर अधिवेशन संपलं आणि तेही बारगळलं.

कायद्याच्या दृष्टीने हे अटळच होतं. राज्याचा आणि केंद्राचा कायदा भिडला तर राज्यघटनेनुसार केंद्राचा वरचढ ठरतो. केंद्राच्या वैध कामात राज्याने आडकाठी करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १८१९ सालीच मॅरिलँडच्या बँक खटल्यात सांगून ठेवलं आहे. केंद्रानेच दिलेली एक स्थानिक वाट मात्र आहे. विमानतळ सरकारी कर्मचाऱ्यांऐवजी खासगी कंपनीची माणसं मागू शकतो. सॅन फ्रान्सिस्कोने २००२ पासून हेच केलं. पण नियम आणि यंत्रं टीएसएचीच!

मग हा सगळा खटाटोप वाया गेला का? मला तसं वाटत नाही. जुलै २०११ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने स्कॅनर घटनाबाह्य नाहीत असा निकाल दिला, पण लोकांची मतं न मागवता ते लादल्याबद्दल टीएसएला चूक ठरवलं. काँग्रेसने २०१२ च्या कायद्यात, खऱ्या शरीराऐवजी सर्वांसाठी एकच ठोकळेबाज आकृती दाखवणारं सॉफ्टवेअर बसवायला मुदत घालून दिली. क्ष-किरणवाल्या यंत्रांच्या रॅपिस्कॅन कंपनीला ते जमलं नाही आणि २०१३ च्या मध्यापर्यंत ती यंत्रं विमानतळांवरून गेली. हजारो नागरिकांची मतं आल्यावर अंतिम नियम मार्च २०१६ मध्ये निघाला.

हे केवळ राज्यांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. आणि सगळंच मिळालं असंही नाही. डिसेंबर २०१५ पासून टीएसए काही प्रवाशांना स्कॅनर नाकारू देत नाही. पण विधेयकं पडली तरी प्रश्न दाबला गेला नाही.

शेवटी एका बाईंची गोष्ट. अलास्काच्या आमदार शॅरन सिस्ना यांची स्तनाच्या कर्करोगावरची शस्त्रक्रिया झाली होती. फेब्रुवारी २०११ मध्ये सिॲटलच्या स्कॅनरमध्ये त्या खुणा दिसल्या आणि त्यांना हाताच्या तपासणीसाठी थांबवलं. असा अनुभव त्यांनी आधी एकदा घेतला होता. त्यांनी ठाम नकार दिला आणि मोटार, छोटं विमान, फेरीबोट असा दिवसचे दिवस प्रवास करत त्या जूनोच्या विधिमंडळात पोचल्या.

मला आई आठवली. "सगळ्यांनाच करतात" हे मी तिला सांगितलं ते खोटं नव्हतं. पण तिने विचारलं होतं वेगळंच. त्या उन्हाळ्यात मी आमच्या आमदाराचं नाव पहिल्यांदा शोधून काढलं आणि एक पानभर पत्र लिहिलं. चार ओळींचं छापील उत्तर आलं. ते मी आईला फोनवर मराठीत वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरं झालं, सांगितलंस ते."