शाळिग्राम : न घडवता पूजली जाणारी विष्णुमूर्ती

देवाची मूर्ती सामान्यतः शिल्पकार घडवतो आणि प्राणप्रतिष्ठेनंतर ती पूजनीय ठरते. शाळिग्राम याला अपवाद आहे. नेपाळमधील काली गंडकी नदीच्या पात्रात सापडणारी ही काळी, गुळगुळीत शिळा विष्णूचे स्वयंभू रूप मानली जाते. तिच्यात देवाचे नित्य वास्तव्य असल्याने प्राणप्रतिष्ठेची आवश्यकता नसते, अशी श्रद्धा आहे.

काली गंडकी नेपाळच्या मुस्तांग भागातून वाहत येते. सुमारे ३,७०० मीटर उंचीवरील मुक्तिनाथ हे याच परिसरातील तीर्थक्षेत्र. पुढे गंडक या नावाने ही नदी बिहारमध्ये गंगेला मिळते. शाळिग्रामावरील वर्तुळाकार खुणांना 'चक्र' म्हणतात. वज्रकीट नावाचा किडा शिळा कोरून ही चक्रे निर्माण करतो, असे परंपरा सांगते. भूशास्त्रानुसार त्या अमोनाइट या नामशेष सागरी जिवाच्या शंखाच्या खुणा आहेत. हिमालयाच्या जागी पूर्वी असलेल्या टेथिस समुद्राच्या तळाशी कोट्यवधी वर्षांपूर्वी हे जीवाश्म तयार झाले.

चक्रांची संख्या, रंग आणि आकार यांवरून शाळिग्रामाला सुदर्शन, लक्ष्मीनारायण, वामन, दामोदर, नृसिंह अशी नावे मिळतात. अग्निपुराणात या लक्षणांचे वर्णन आहे. पुराणकथेनुसार, जालंधराच्या वधासाठी विष्णूने त्याची पत्नी वृंदा हिची फसवणूक केली. तिच्या शापाने विष्णू पाषाण झाला आणि वृंदा तुळस झाली. त्यामुळेच तुळशीपत्राविना शाळिग्रामाची पूजा अपूर्ण समजली जाते. उत्तर भारतात कार्तिक महिन्यात तुळशीचा विवाह शाळिग्रामाशी लावतात. महाराष्ट्रात अनेक घरांत वराच्या जागी बाळकृष्ण असतो.

नित्यपूजेत शाळिग्रामाला जलाने व पंचामृताने स्नान घालून गंध आणि तुळस अर्पण करतात. स्नानाचे जल तीर्थ म्हणून घेतले जाते. देवघरात एक किंवा सम संख्येने शाळिग्राम असावेत, मात्र दोन नसावेत, असा शास्त्रसंकेत आहे. चक्र शाबूत असल्यास भंगलेली शिळाही पूज्य मानतात. पंचायतन पूजेत विष्णूसाठी शाळिग्राम, तर शिवासाठी नर्मदेतील बाण ठेवतात.

देशातील काही प्रमुख मंदिरांचा या शिळेशी संबंध सांगितला जातो. तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामींची शेषशायी मूर्ती गंडकीतून आणलेल्या १२,००८ शाळिग्रामांपासून साकारल्याची श्रद्धा आहे. वृंदावनातील राधारमणाची मूर्ती १५४२ मध्ये गोपाळ भट्ट गोस्वामी यांच्या पूजेतील शाळिग्रामातून प्रकट झाली, असे वैष्णव परंपरा मानते.

शाळिग्रामावर छिन्नी चालवावी का, हा प्रश्न अलीकडे अयोध्येत चर्चेत आला. राममूर्तीसाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये काली गंडकीतील दोन मोठ्या शिळा तेथे आणण्यात आल्या. शाळिग्राम हा मुळातच देव असल्याने त्यावर घाव घालणे अयोग्य ठरेल, असा आक्षेप काही साधूंनी घेतला. २२ जानेवारी २०२४ रोजी गाभाऱ्यात प्रतिष्ठापना झालेली रामलल्लाची मूर्ती अखेर कर्नाटकातील कृष्णशिळेतून घडवण्यात आली.