वजनाच्या काट्यावर गेलेली लोकर

उंटाच्या कुळातील अल्पाका या जनावराच्या लोकरीचा इतिहास मी आज सांगणार आहे, तो एका दफनातून. पेरूच्या दक्षिणेस, मोकेग्वा खोऱ्यातील एल यारल येथे सुमारे 1000 वर्षांपूर्वी बळी देऊन घरांच्या जमिनीखाली पुरलेले अल्पाका व लामा कोरड्या हवेमुळे लोकरीसह टिकून राहिले. इंका साम्राज्याचा तेव्हा उदयही झाला नव्हता. जेन व्हीलर यांनी सहकाऱ्यांसह ती लोकर तपासून 1995 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही अल्पाकांचा तंतू सरासरी 18 मायक्रॉनच्या आसपास होता. शिवाय अंगभर जवळजवळ एकसारखा. हा एकसारखेपणा मला अधिक मोलाचा वाटतो. आज कातरणीनंतर पाठीवरची मऊ लोकर आणि मानेपायांची राठ लोकर हातांनी निवडून वेगळी करावी लागते.

हे कसब कुठे हरपले? 1532 मध्ये स्पॅनिश आले. जाणते पशुपालक व त्यांचे कळप पुढच्या शतकभरात मोठ्या प्रमाणात नष्ट झाले. उरलेले उंच पठारांवर रेटले गेले, लामांशी संकर वाढला. पुढे 1836 पासून टायटस सॉल्ट यांनी ब्रॅडफर्डच्या गिरण्यांत या लोकरीला मागणी निर्माण केली खरी. पण पठारावरची खरेदी पुष्कळदा नुसत्या वजनावर होत राहिली. जाड तंतू वजनाला भारी! मग गरीब पशुपालकाने बारीक लोकरीचे जनावर जपावे तरी का? त्याला मी दोष देत नाही. आपल्या धनगरालाही हा काटा अपरिचित नाही.

2001 च्या जनुकीय अभ्यासाने अल्पाकाचा पूर्वज रानटी विकुन्या ठरवला. आजच्या पुष्कळ कळपांत मात्र लामाचे रक्त मिसळलेले आढळले.