चिनीमातीचा दात आणि भेगेचं माप

तसबिरी बसवणारा काच कशी कापतो, हे आपण पाहिलंच असेल. हिरकणीनं एक बारीक रेघ ओढतो, दोन्ही हातांनी जरा दाबतो, आणि काच नेमकी त्या रेघेवर तुटते. काच कठीण खरी, पण भेगेपुढे तिचं काही चालत नाही. चिनीमातीच्या दातांचंही तसंच आहे.

असे दात करण्याची कल्पना पॅरिसजवळच्या द्युशातो नावाच्या औषधविक्याने १७७४ साली पुढे आणली. दात सुंदर, पण ठिसूळ! ते का तुटतात, याचा उलगडा मात्र दंतवैद्यकाबाहेर झाला. विमानसंशोधनात असलेल्या ग्रिफिथ या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२० साली काचेवर प्रयोग करून दाखवलं, की डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगाच पदार्थाची ताकद खातात. १९५७ साली अमेरिकेत अर्विन यांनी भेगेला रोखण्याच्या या शक्तीचं गणित बसवलं. तिला आपण भंग-चिवटपणा म्हणू.

आता तो मोजायचा कसा? १९७० नंतर एक सोपी रीत रूढ झाली. हिऱ्याचं टोक दाबून ठसा उमटवायचा आणि त्याच्या कोपऱ्यांतून निघालेल्या भेगा सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या. काम झटपट, खर्चही थोडा. परंतु २००७ साली क्विन आणि ब्रॅड्ट यांनी दाखवून दिलं, की या भेगा पदार्थागणिक वेगळ्या तऱ्हेनं वाढतात. त्यामुळे हा आकडा भरवशाचा नाही. त्यापेक्षा खात्रीची रीत अशी: पदार्थाची छोटी कांडी घ्यायची, दाढीच्या पात्याला हिऱ्याची भुकटी लावून तिच्यात टोकदार खाच पाडायची, मग ती मोडेपर्यंत वाकवायची. खाचेची खोली आणि मोडतानाचा भार यांवरून हिशेब करायचा. या मापात साधी चिनीमाती १ च्या आसपास येते, तर झिर्कोनिया ५ च्या पुढेमागे.

आपल्या वर्धा जिल्ह्यात सावंगी (मेघे) इथं दंत महाविद्यालय आहे. दाताला कॅप बसवणं खेड्यातल्या माणसालाही आता नवं नाही. पण कॅपसाठी घासलेला दात पुन्हा वाढत नाही, आणि सुपारीचं खांड चावताना कॅप फुटली तर पैसेही गेलेच. म्हणून मजबुतीचा आकडा कुणी सांगितला, तर तो कोणत्या रीतीनं काढला, हेही विचारावं. शिक्षकबंधूंनी वर्गात दोन खडू घ्यावेत, एकावर ब्लेडनं खाच पाडावी आणि दोन्ही मुलांच्या हातांनी मोडून पाहावेत. भेगेची गोष्ट मुलांना लगेच समजेल.