भिंत, चेंडू आणि उघडा तळहात

हँडबॉल म्हटलं की आपल्याला दोन संघ आणि दोन गोल आठवतात. आजचा हँडबॉल वेगळा आहे. एक भिंत, एक लहान रबरी चेंडू आणि तळहात, बस्स.

आयर्लंडमध्ये हा खेळ फार जुना. गॉलवे शहराने १५२७ मध्ये शहराच्या भिंतींवर चेंडू खेळायला बंदी घातली होती. पुढे आयरिश स्थलांतरितांनी खेळ अमेरिकेत नेला. १८८० च्या दशकात फिल केसी यांनी ब्रुकलिनमध्ये कोर्ट बांधलं, पण ते अनेक भिंतींचं होतं. एका भिंतीचा प्रकार रुजला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड किनाऱ्यावर. ओहोटीच्या वेळी लोक लाकडी बांधांवर चेंडू मारत. १९३० च्या दशकात शहरातल्या बागांमध्ये काँक्रीटच्या भिंती उभ्या राहिल्या. २० फूट रुंद, १६ फूट उंच. खेळायला पैसे लागत नसल्याने गरीब वस्त्यांतली मुलं तिथे जमू लागली.

या फुकटच्या खेळाची किंमत हात मोजतो. करंगळीच्या बाजूला, तळव्याच्या बुडाशी एक रोहिणी हाडाला लागून जाते. तिथे वारंवार फटके बसले तर तिचं अस्तर दुखावतं, कधी गुठळी होते. मग बोटं गार, पांढरी किंवा बधिर पडतात. धूम्रपान करणाऱ्यांना धोका जास्त. म्हणूनच हातमोजे आले, खेळाआधी हात गरम करण्याची पद्धत आली आणि रस्त्यावरच्या खेळात मोठा, मऊ चेंडू लोकप्रिय झाला.

डोळ्याचं संकट अधिक गंभीर. फुटबॉल डोळ्यावर आला तर खोबणीचं हाड बराचसा मार झेलतं. हा चेंडू जेमतेम पावणेपाच सेंटीमीटरचा, त्यामुळे मार थेट बुबुळाला बसतो. आत रक्तस्राव होऊ शकतो, पडदा सरकू शकतो. म्हणून अमेरिकेतल्या अधिकृत स्पर्धांत संरक्षक चष्मा सक्तीचा झाला. स्क्वॉशचा चेंडू तर याहून लहान असतो.

तेव्हा खेळा जरूर, पण पॉलिकार्बोनेटचा संरक्षक चष्मा लावून. नेहमीचा चष्मा हे काम करत नाही, तो फुटून इजा वाढू शकते. चेंडू लागल्यावर धूसर दिसलं, प्रकाशाचे झोत चमकले किंवा नजरेपुढे सावली आली, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. बोटं वारंवार पांढरी पडत असतील तर खेळ थांबवा आणि डॉक्टरांना हात दाखवा.