कादंबरी, सायकल आणि डॉक्टरांची भीती

'फार कादंबऱ्या वाचू नकोस, डोक्यावर ताण येईल' आणि 'आता या वयात सायकल नको, गुडघे झिजतील' ही दोन वाक्यं दवाखान्यात अजूनही कानावर पडतात. पहिलं बहुधा सोबत आलेले नातेवाईक बोलतात. दुसरं रुग्ण स्वतःच बोलतो आणि डॉक्टर मान डोलावतील अशी त्याची अपेक्षा असते. ही अपेक्षा अगदीच निराधार नाही. दीड-दोनशे वर्षांपूर्वी या दोन्ही साध्या आनंदांना घातक ठरवण्यात डॉक्टर मंडळीच पुढे होती. ती हकीकत आज सांगायची आहे.

सुरुवात कादंबरीपासून करू. स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावचे साम्युएल तिसो हे अठराव्या शतकातले युरोपभर नावाजलेले डॉक्टर. १७६८ मध्ये त्यांनी विद्वानांच्या आरोग्यावर एक पुस्तक लिहिलं. तासन् तास बसून वाचणाऱ्याचा मेंदू थकतो आणि पचन बिघडतं, असा त्याचा साधारण सूर होता. बैठं आयुष्य वाईट हा त्यातला भाग आजही मान्य व्हावा. पण स्त्रियांच्या तब्येती बिघडण्यामागे कादंबऱ्यांचा सुळसुळाट हे मोठं कारण आहे, असंही त्यांचं मत होतं. त्याला पुरावा काय, तर काही नाही. थोड्याच वर्षांत, १७७४ मध्ये, गटेची 'वेर्थर' ही कादंबरी आली. तिचा नायक शेवटी आत्महत्या करतो. वाचून तरुण मुलं तसंच करतील या भीतीने लाइपझिग शहरात तिच्यावर बंदी आली. ही भीती मात्र पूर्ण खोटी म्हणता येत नाही. आत्महत्येच्या भडक बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात हे १९७४ मध्ये अमेरिकेत अभ्यासाने दाखवलं गेलं आणि त्या परिणामाला याच नायकाचं नाव मिळालं.

खरा कहर झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. फिलाडेल्फियाचे सायलस वीअर मिचेल हे मज्जासंस्थेच्या विकारांचे मोठे तज्ज्ञ होते. थकलेल्या, उदास, 'नर्व्हस' स्त्रियांसाठी त्यांनी विश्रांतीचा उपचार काढला. कित्येक आठवडे बिछान्यात पडून राहायचं, भरपूर दूध आणि खाणं घ्यायचं, अंगाला मालिश, घरच्यांची भेट बंद. वाचन, लेखन, शिवणकाम तेही बंद. १८८७ मध्ये शार्लट पर्किन्स गिलमन ही तरुण लेखिका बाळंतपणानंतरच्या नैराश्याने त्यांच्याकडे आली. घरी जाताना तिला सल्ला मिळाला, की बौद्धिक काम दिवसाला दोन तासच आणि लेखणीला तर पुन्हा हात लावायचा नाही. ती वेडाच्या कडेपर्यंत गेली, मग सल्ला झुगारून लिहू लागली आणि सावरली. या उपचारावर तिने लिहिलेली 'पिवळा वॉलपेपर' ही कथा १८९२ मध्ये छापून आली.

गंमत पुढेच आहे. हे मिचेल डॉक्टर स्वतः कादंबरीकार होते आणि त्यांच्या कादंबऱ्या चांगल्या खपत. थकलेल्या पुरुषांना तर ते पश्चिमेकडच्या मोकळ्या मुलखात जाऊन घोड्यावर बसण्याचा, शिकारीचा सल्ला देत. म्हणजे तक्रारी सारख्याच, पण बाईला पलंग आणि बुवाला घोडा! यात वैद्यकशास्त्र किती आणि त्या काळचे घरगुती रिवाज किती, हे तुम्हीच ठरवा.

आपल्याकडे हे सांगायला डॉक्टरही लागत नव्हते. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७ मध्ये निघालं. बाणभट्टाच्या संस्कृत ग्रंथाचं नाव 'कादंबरी', तेच पुढे मराठीत या साहित्यप्रकाराचं नाव झालं. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' १८९० पासून 'करमणूक'मधून क्रमशः येऊ लागली. त्याच काळात शिकणाऱ्या बाईला घरातूनच किती टोमणे ऐकावे लागत, ते रमाबाई रानड्यांनी १९१० च्या आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. पती न्यायमूर्ती आणि शिक्षणाचे कट्टर पुरस्कर्ते, तरी घरातल्या मोठ्या बायकांचा विरोध चुकला नाही.

आता सायकल. १८८५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी 'सेफ्टी' सायकल बाजारात आणली. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीचे धक्के कमी व्हावेत म्हणून हवेचे टायर केले. हे डनलॉप जनावरांचे डॉक्टर होते. सायकल स्वस्त आणि सुसह्य झाली आणि बायकाही तिच्यावर बसू लागल्या. मग माणसांचे डॉक्टर जागे झाले. १८९७ मध्ये लंडनच्या एका नियतकालिकात डॉ. आर्थर शॅडवेल यांनी सायकलच्या छुप्या धोक्यांवर लेख लिहिला. सतत तोल सांभाळण्याच्या ताणाने चेहरा ओढलेला, डोळे ताठरलेले दिसतात म्हणे! या कल्पित आजाराला 'सायकल-चेहरा' असं नाव होतं. हँडलवर वाकून पाठीला बाक येतो, हा दुसरा आजार. त्याचं तर लॅटिन नावही तयार होतं. नाव लॅटिन असलं की आजार खरा वाटतो, ही खोड अजून गेलेली नाही.

सगळेच डॉक्टर असे नव्हते. आर्थर कॉनन डॉयल हे शिकलेले डॉक्टर, आणि ते पत्नीसोबत दोघांची तीनचाकी चालवत. १९०३ मधल्या त्यांच्या एका कथेत होम्स आलेल्या तरुणीच्या बुटाचा तळ पॅडलने घासलेला पाहून ती सायकल चालवते हे ओळखतो. तिच्या चेहऱ्याकडे पाहून नव्हे!

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं. पुढे त्याच घराण्याने १९२० मध्ये 'किर्लोस्कर' आणि १९३० मध्ये 'स्त्री' ही मासिकं सुरू केली. सायकल आणि गोष्टी, दोन्ही एकाच घरातून मराठी माणसाकडे आल्या.

भीतीला उत्तर मिळायला मोजमापाची सवय लागावी लागली. १९५३ मध्ये लंडनच्या जेरी मॉरिस यांनी दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. चालत किंवा सायकलवर टपाल वाटणारे पोस्टमन आणि टेबलाशी बसणारे कारकून यांच्यातही तोच फरक दिसला. मॉरिस तिथेच थांबले नाहीत. ड्रायव्हर मुळातच जाड होते का, हे पाहायला त्यांनी गणवेशाच्या पँटींची मापं तपासली, आणि ती खरंच मोठी निघाली. मला हा माणूस यासाठीच आवडतो. कोपनहेगनमध्ये सुमारे ३० हजार लोकांच्या पाहणीत, २००० साली, सायकलने कामावर न जाणाऱ्यांचा मृत्युदर जाणाऱ्यांपेक्षा ३९ टक्के जास्त आढळला. पुस्तकांचंही तसंच. अमेरिकेत ३,६३५ वयस्कर लोकांवर १२ वर्षं नजर ठेवली, तेव्हा पुस्तकं वाचणाऱ्यांचा मृत्यूचा धोका सुमारे २० टक्के कमी दिसला (२०१६). ही सगळी निरीक्षणं आहेत. सायकल चालवणारा आणि वाचणारा माणूस आधीच थोडा धडधाकट, थोडा शिकलेला असू शकतो. अशा गोष्टी जमेस धरूनच हे आकडे काढले आहेत, तरी शंका पूर्ण फिटत नाही. म्हणून कादंबरी औषधासारखी लिहून द्यायचा माझा विचार नाही. मना करायला मात्र काहीही आधार नाही.

आता गुडघ्यांचं. सायकलवर शरीराचं बरंचसं वजन सीट पेलते, त्यामुळे गुडघ्यावर चालण्यापेक्षाही कमी भार येतो. संधिवाताने गुडघा झिजलेल्यांना आम्ही सायकल सहसा सुचवतोच. सीट मात्र इतकी उंच हवी, की पॅडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. बहुतेकांची सीट फार खाली असते, आणि गुडघा दुखतो तो त्यामुळे. मंद उजेडात वाचल्याने डोळे थकतात, कायमचे खराब होत नाहीत. लहान मुलांना वाचनाइतकंच बाहेर उन्हात खेळायला पाठवा, कारण चष्म्याचा नंबर वाढू नये यासाठी त्याचा उपयोग होतो.

छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तोल जात असेल किंवा हाडं ठिसूळ झाल्याचं निदान झालं असेल, तर सायकल काढण्याआधी आपल्या डॉक्टरांना दाखवा. बाकीच्यांनी पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं, सपाट रस्त्यावर, हेल्मेट घालून.